खुराड्यापासून विद्यापीठापर्यंत

लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७५ मध्ये वार्धक्यशास्त्राचं स्वतंत्र स्कूल निघालं. जगातलं असं ते पहिलंच. त्याचं कूळ शोधायला जावं, तर प्रयोगशाळेच्या आधी कोंबड्यांचं खुराडं लागतं.

एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिका, याच विद्यापीठाच्या पीएचडी. एक निवृत्त शिक्षिका चक्क खुराड्यात दिवस काढताना त्यांना आढळली. पेन्शनमध्ये भागतच नव्हतं. बाईंनी १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांची संघटना बांधली. म्हाताऱ्यांचा आरोग्यविमा उतरवायला कंपन्या तयार होईनात, तेव्हा लिओनार्ड डेव्हिस या विमा एजंटानं तो जमवून दिला. १९५८ मध्ये सगळ्याच निवृत्तांसाठी 'एएआरपी' ही संघटना उभी राहिली.

इकडे विद्यापीठातली वार्धक्याच्या अभ्यासाची संस्था १९६४ ची. तिला नाव मिळालं ते रॉस कॉर्टेसे या बिल्डरचं. निवृत्तांसाठी तो 'लेझर वर्ल्ड' वसाहती बांधत असे. गिऱ्हाइकाचा अभ्यास त्याला हवाच असणार! पुढच्याच वर्षी जेम्स बिरेन संचालक म्हणून आले आणि खरं शास्त्र आलं. त्याआधी सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६५ ते ९१ वयाचे ४७ निरोगी पुरुष तपासले होते. वयाच्या खात्यावर मांडलेली बरीचशी घसरण प्रत्यक्षात आजारपणाची निघाली. प्रतिसादाचा वेग मात्र निरोगी माणसातही मंदावलेला होता. वय आणि आजार यांची ही फारकत मला पुढे झालेल्या इमारतीहून मोलाची वाटते.

संस्थेची इमारत झाली १९७३ मध्ये, संघटनेच्या सभासदांच्या देणग्यांतून, नाव अँड्रसबाईंचं. दोन वर्षांनी स्कूलसाठी पैसा दिला डेव्हिसनं. त्याच्या विमा कंपनीच्या आणि संघटनेच्या लागेबांध्यांवर पुढे भरपूर टीका झाली, तरी स्कूलला नाव त्याचंच आहे.

बिरेन पहिले डीन. त्यांनी आत्मचरित्राचे वर्गही रुजवले: कुटुंब, पैसा, मृत्यू असा एकेक विषय, घरी दोन पानं लिहायची आणि गटात मोठ्यानं वाचायची. पैशाच्या पानावर माणसं किती मोकळी होत असतील!

इथल्याच व्हर्न बेंगट्सन यांनी तर १९७१ पासून एकाच घरातले आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले. त्या वेळच्या नातवंडांनी आज सत्तरी गाठली आहे.