पाच हजारांची अट

नियमपुस्तकातील एखादे कलम संस्थांचे आणि माणसांचे नशीब कसे पालटून टाकते, हे कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आपणां मंडळींना निराळे सांगावयास नको. मोटारींच्या इतिहासात याचे एक लक्षणीय उदाहरण आहे. ते इटलीतील लान्चिया कंपनीच्या ‘डेल्टा’ या मोटारीचे.

डेल्टा १९७९ साली लोकांपुढे आली. तिचे रेखाटन जॉर्जेत्तो जुजारो या विख्यात कलावंताचे. पाच दारांची ही हॅचबॅक. इंजिन पुढच्या बाजूस आडवे बसविलेले आणि गाडी ओढण्याचे काम केवळ पुढच्या दोन चाकांकडे. १९८० साली युरोपातील ‘वर्षातील मोटार’ हा मान तिला मिळाला. तरी ती होती कुटुंबवत्सल गृहस्थाचीच गाडी. पराक्रमाची अपेक्षा तिच्याकडून कोणी केली नव्हती.

त्याच १९८० साली जर्मनीच्या औडी कंपनीने ‘क्वात्रो’ ही मोटार आणली आणि रॅलीचे जग ढवळून निघाले. रॅली ही बंदिस्त मैदानातील शर्यत नव्हे. बर्फ, चिखल, धूळ आणि डोंगरवाटा यांतून एकेकट्या गाडीने घड्याळाशी केलेली ती झुंज असते. डोंगराळ मुलखात बदलीवर गेलेल्या वाचकांनी पावसाळ्यात जीप पाहिलीच असेल. दोनच चाकांना बळ मिळत असता ती चिखलात जागच्या जागी गरगरतात. चारही चाकांना मिळाले की तीच गाडी सहज वर चढते. क्वात्रोने हे बळ वेगवान मोटारीस दिले.

पुढे ‘ब’ गटाचे युग आले. केवळ दोनशे गाड्या बांधल्या की त्या गटात प्रवेश मिळे. साहजिकच कंपन्यांनी विक्रीचा विचार सोडून निव्वळ शर्यतीची अचाट यंत्रे घडविली. लान्चियाच्या अशा यंत्राचे नावही ‘डेल्टा एस-४’ असेच होते. परंतु इंजिन बैठकीच्या मागे, सांगाडा नळ्यांचा, आणि घरगुती डेल्टाशी नाते बहुतांशी नावापुरतेच.

या वेगाची किंमत माणसांनी मोजली. २ मे १९८५ रोजी कोर्सिका बेटावर लान्चियाचा चालक आत्तिलिओ बेत्तेगा मृत्युमुखी पडला. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालात एक गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक ठार झाले. आणि २ मे १९८६ रोजी, बेत्तेगाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीच, त्याच कोर्सिकात एस-४ रस्ता सोडून खाली कोसळली व पेटली. हेन्री तोइवोनेन आणि त्याचा सहकारी सेर्जिओ क्रेस्तो त्या आगीत गेले. नियामक संस्थेचे अध्यक्ष बालेस्त्र यांनी लगोलग निर्णय जाहीर केला : १९८७ पासून जागतिक स्पर्धेत ‘ब’ गट बंद. उरला ‘अ’ गट, आणि त्याची अट वर्षाला पाच हजार गाड्यांची होती. म्हणजे जी गाडी लोक खरोखर विकत घेतील, तिच्याच आधाराने शर्यत लढावयाची.

येथे घरगुती डेल्टाचे भाग्य उघडले. १९८६ सालीच तिचा चारचाकी ओढीचा अवतार, ‘एचएफ फोर डब्ल्यूडी’, सिद्ध झाला होता. हे रूपांतर केवळ मागे एक दांडा जोडण्याचे नव्हते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. दोहोंना ताठ जखडले तर यंत्रणेवर ताण येतो. म्हणून मधोमध एक डिफरन्शियल बसवून बळाचे ५६ भाग पुढे व ४४ भाग मागे दिले. त्यास जोड म्हणून चिकट द्रव भरलेली एक कपलिंग आली. एका बाजूची चाके घसरून भरभर फिरू लागली की त्या द्रवाचा विरोध वाढे आणि बळ दुसऱ्या बाजूस वळे. इंजिन १९९५ घनसेंटिमीटरचे, टर्बो जोडलेले, १६५ अश्वशक्तीचे. या साऱ्याच्या मोबदल्यात मागील सामानाची जागा मात्र आक्रसली.

१९८७ च्या माँटे कार्लो रॅलीत मिकी बियाझिओन व युहा कान्कुनेन यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले. तेव्हापासून १९९२ पर्यंत सलग सहा वर्षे उत्पादकांचे जगज्जेतेपद लान्चियाकडे राहिले. डेल्टाच्या ‘अ’ गटातील अवतारांनी मिळून ४६ विजय मिळविले. अट पाच हजारांची असल्यामुळे प्रत्येक सुधारणा दुकानातील गाडीतही उतरवावी लागे. रुंद चाकांसाठी ‘इन्तेग्राले’चे पंखे फुगले, १९८९ च्या सोळा झडपांच्या गाडीत बळाचा तोल मागे झुकून ४७ व ५३ झाला. जगज्जेत्या गाडीची सख्खी बहीण कोणाही गृहस्थाच्या दारी उभी राहू शके.

धोका समूळ नाहीसा झाला, असे नव्हे. १९८९ च्या माँटे कार्लोत रस्ता सोडलेल्या एका इन्तेग्रालेने प्रेक्षक म्हणून उभ्या असलेल्या दोघा स्वीडिश स्पर्धकांचे प्राण घेतले. तथापि ‘ब’ गटातील बेफाम चढाओढीस पायबंद बसला, हे मान्य केले पाहिजे.

मनास टोचणी लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘अ’ गट काही १९८६ साली नव्याने निर्माण करावा लागला नव्हता. १९८२ पासून तो त्याच नियमपुस्तकात, ‘ब’ गटाच्या शेजारी, लिहिलेला होता. शहाणे कलम हाताशी होते. त्याच्याकडे वळण्यास माणसे गमवावी लागली. आपापल्या टेबलावरील धूळ खात पडलेल्या फायलींकडे पाहताना ही गोष्ट आपण आठवावी, एवढेच.