छावणीचा हिशेब आणि न मोजलेला रोग

21 मे 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, ते मुख्यतः हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. उमरखेड या वऱ्हाडातले. आणि फौजेची एक छावणी जवळच्याच हिंगोलीस. इथल्या काळ्या जमिनीचा सारा अशा रीतीने शिपायाच्या पगाराशी जोडला गेला. 1903 मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. छावणीसोबत आलेल्या रोगांचा विचार मात्र आपल्या स्थानिक इतिहासलेखनात फारसा होत नाही.

गुप्तरोगांविषयी सरकारला चिंता होती ती प्रामुख्याने गोऱ्या शिपायाची. 1864 चा छावणी कायदा आणि 1868 चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी आणि ‘लॉक हॉस्पिटल’मधील स्थानबद्धता रूढ केली. मुंबईत हा दुसरा कायदा 1870 मध्ये लागू झाला, 1872 मध्ये थांबला, 1880 मध्ये परत आला आणि 1888 मध्ये रद्द झाला. तपासणी स्त्रीची होती. तिच्याकडे येणारा पुरुष या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

1895 च्या सुमारास हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत गुप्तरोगांमुळे इस्पितळात झालेले दाखले वर्षाला दर हजारी 500 च्या वर गेले होते; देशी पलटणींचे प्रमाण त्याहून फारच कमी होते. हा आकडा वाचताना सावध राहावे लागते. एकच शिपाई वर्षात दोनदा दाखल झाला तर दाखले दोन होतात. आणि ज्याला त्रासच नाही तो मोजणीत येतच नाही.

ट्रायकोमोनास या परजीवीची गोष्ट नेमकी इथेच सुरू होते. आल्फ्रेड डोने यांनी पॅरिसमध्ये 1836 साली सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे वर्णन केले होते. पण छावण्यांचे हिशेब गरमी आणि परमा यांभोवतीच फिरत राहिले. या परजीवीची बाधा झालेल्या बहुतेक पुरुषांना काहीच जाणवत नाही. अनेक स्त्रियांना मात्र स्राव, खाज, जळजळ सोसावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात या रोगाची सुमारे 15 कोटी 60 लाख नवी प्रकरणे झाली आणि त्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा थोडी जास्तच होती.

भाषेतही हाच असमतोल दिसतो. उपदंशाला ‘फिरंगरोग’ म्हणून परक्यावर ढकलण्याची सोय भावप्रकाशाने सोळाव्या शतकातच करून ठेवली. स्त्रीच्या त्रासाला मराठीत ‘धुपणी’ आहे, ‘अंगावरून पांढरे जाणे’ आहे. लक्षणांवाचून रोग वाहणाऱ्या पुरुषासाठी मात्र बोलीत रूढ शब्द नाही. ज्याला शब्द नाही त्याच्यावर ठपकाही येत नाही. तो शब्द असलेल्या बाजूवर येतो.

1960 च्या सुमारास मेट्रोनिडॅझोल आले आणि जोडीदारांपैकी दोघांनीही औषध घ्यावे हा नियम झाला. जे कायद्याने नाकारले होते ते उपचाराने मान्य केले.

दप्तरात नोंद नाही म्हणून छावणीत हा रोग नव्हता असे म्हणता येत नाही. होताच असेही नाही. पण कोणाचे शरीर तपासायचे हे आधीच ठरलेले होते, एवढे ते दप्तर निःसंशय सांगते. साहित्याच्या अभ्यासकाने आकड्यांची ही पानेही एखाद्या संहितेसारखी वाचली पाहिजेत: काय लिहिले आहे याबरोबरच, कोणाला लिहिण्यातून सूट मिळाली आहे हे पाहत.