एका गायीचा हिशोब

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर महिन्यातून एकदा तरी हा विषय निघतोच. कुणीतरी म्हणतं, "बास झालं यार, मुळशीला दोन एकर घ्यायचे, एक गाय पाळायची आणि निवांत राहायचं." सगळे माना डोलावतात, डबे बंद होतात आणि दोनच्या मीटिंगला जो तो आपल्या जागेवर! गेल्या आठवड्यात मात्र एकानं खरंच विचारलं, "पण गाय कुठली रे?" आता आली का पंचाईत. शनिवारी वाचायला बसलो आणि पोचलो थेट आयर्लंडला. एका गायीवर घर चालवायचा प्रयोग तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या केला, तोही हौसेनं नव्हे, नाइलाजानं. तर मंडळी, आज त्या गायीची गोष्ट.

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला केरी नावाचा परगणा आहे. डोंगर, दलदल, सततचा पाऊस, आणि गवत असं की थोराड गायीचं त्यावर पोटच भरू नये. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. जमिनीचे इतके तुकडे पडलेले, की पाच एकरांच्या आतली शेतं लाखांनी मोजावी लागत. जमीन बहुतेक ठिकाणी जमीनदाराची, आणि खंड रोख द्यायचा. पोटाला बटाटे पिकायचे, पण रोख पैसा आणायचा कुठून? एक तर डुकरातून, नाहीतर गायीतून.

गायीचं दूध घरात आलं तरी ते घरच्यांसाठी नसायचं. घुसळून लोणी काढायचं, खारवून लाकडी पिंपात भरायचं आणि कॉर्क शहराकडे रवाना करायचं. कॉर्कचा लोण्याचा बाजार १७७० च्या सुमाराला उभा राहिला आणि एकोणिसाव्या शतकात जगातल्या सगळ्यात मोठ्या लोणी-बाजारांत गणला गेला. केरीकडून तिकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यांना आजही 'बटर रोड' म्हणतात. लोण्याचे पैसे खंडात जायचे आणि घरी उरायचं ताक. बटाटे आणि ताक, हेच रोजचं जेवण. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि जेवणातला अर्धा भाग गेला. १८४७ मध्ये, म्हणजे दुष्काळ अगदी भरात असताना, कॉर्कमधून लोणी परदेशी जातच होतं. त्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली.

ही गाय होती कशी? डोंगरातल्या त्या काळ्या, काटक जनावरांत दोन प्रकार ठळक दिसायचे. एक केरी: हलक्या बांध्याची, लांब पायांची, दुधाची. (सुपरमार्केटमधल्या केरीगोल्ड बटरवर नाव असतं ते याच परगण्याचं, पण ते लोणी काही केरी गायीचं नसतं बरं का!) दुसरी डेक्स्टर: पाय आखूड, अंग भरलेलं, खांद्यापाशी उंची जेमतेम तीन-साडेतीन फूट. वजन साधारण ३०० ते ३५० किलो, म्हणजे होल्स्टीन गायीच्या निम्मं. दिवसाला आठ-दहा लिटर दूध, त्यात चार टक्क्यांच्या आसपास फॅट. वर अंगावर मांस धरणारी. दुहेरी उपयोगाची गाय म्हणतात ती हीच. आपल्याकडे दुहेरी म्हटलं की दूध आणि बैल, उदाहरणार्थ लातूर-उदगीरकडची देवणी. आयर्लंडमध्ये दुहेरी म्हणजे दूध आणि मांस: कालवड ठेवायची, गोऱ्हा वाढवून जत्रेत विकायचा.

छोट्या शेतकऱ्याला ही सोयीची का, ते धार काढायच्या रीतीवरून कळतं. मोठ्या डेअरीत वासराला लवकर तोडतात. एक गाय असलेल्या घरी तसं करायची गरज नाही. व्याल्यावर पहिले काही दिवस चीक वासरालाच. ते जरा मोठं झालं की रात्री वेगळं बांधायचं, सकाळी गाय पान्हावली की आपली धार काढून घ्यायची आणि मग दिवसभर वासरू आईजवळ सोडायचं. एखाद्या दिवशी गावाला जायचं झालं तर वासरूच तुमची पाळी सांभाळतं. :-) दूध घरापुरतं, वैरण थोडी, बऱ्या गवताचं एक एकर एका गायीला पुरतं. अडचण म्हणाल तर एवढीच, की कास जमिनीच्या इतकी जवळ, की उंच बादली खाली बसतच नाही, पसरट भांडं घ्यावं लागतं.

डेक्स्टर हे नाव कुठून आलं? अठराव्या शतकात टिपररीत लॉर्ड हॉवर्डन नावाच्या जमीनदाराकडे डेक्स्टर आडनावाचा कारभारी होता, त्यानं डोंगरी गायींतून निवड करून ही जात तयार केली, अशी कथा आहे. खरी असेल नसेल, पण पुढचा प्रवास नीट नोंदलेला आहे. १८८२ मध्ये रेडिंगच्या प्रसिद्ध बियाणेवाल्या घराण्यातले मार्टिन सटन यांनी डेक्स्टर गायी इंग्लंडला आणल्या. १८९० मध्ये रॉयल डब्लिन सोसायटीनं केरी आणि डेक्स्टरची वंशावळ-वही काढली, १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये संस्था स्थापन झाली. गरिबाच्या गोठ्यातली गाय आता साहेबाच्या हिरवळीवर चरायला लागली. प्रदर्शनं आली, बक्षिसं आली. आणि बक्षीस कुणाला? अर्थातच जिचे पाय जास्त आखूड तिला.

इथे गोष्ट वळण घेते. डेक्स्टर पाळणाऱ्यांना एक गोष्ट आधीपासून माहीत होती, पण चारचौघांत कुणी फारसं बोलत नसे. गाय पाच-सात महिन्यांची गाभण असताना मधेच गाभटायची आणि पडायचं ते वासरू भयंकर दिसायचं: फुगलेलं डोकं, चेपलेलं नाक, पाय जवळजवळ नाहीतच. त्याला 'बुलडॉग वासरू' म्हणत.

मेंडेलचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले आणि १९०९ मध्ये डब्लिनचे शेतीचे प्राध्यापक जेम्स विल्सन यांनी ते डेक्स्टरला लावून पाहिले. गणित सरळ निघालं. आखूड पायांची डेक्स्टर ही मुळात 'मधली' अवस्था आहे. प्रत्येक जनावराकडे एका जनुकाच्या दोन प्रती असतात. दोन्ही चांगल्या असतील तर लांब पाय. एक बिघडलेली असेल तर आखूड पाय. दोन्ही बिघडल्या तर बुलडॉग. आखूड गाय आणि आखूड वळू यांची जोडी लावली की सरासरी चारात एक लांब, दोन आखूड आणि एक मेलेलं. आमच्या धंद्यात गमतीनं म्हणतात, "हा बग नाही, फीचर आहे." इथे दोन्ही खरोखर एकच होतं. ज्या गुणासाठी बक्षीस मिळत होतं, तोच गुण चारातलं एक वासरू मारत होता.

आता जरा हिशोब करा. ज्याच्याकडे चाळीस गायी आहेत, त्याला पंचवीस टक्के नुकसान म्हणजे वहीतली एक ओळ. ज्याच्याकडे एकच गाय आहे, त्याला सरासरी नावाची चीजच नसते. त्याच्यासाठी वासरू एक तर आहे, नाहीतर नाही. आणि नसेल तर नुसतं वासरू जात नाही. अकाली गाभटलेली गाय पुरेसं दूध देत नाही, म्हणजे त्या वेताचं दूध गेलं, विकायचा गोऱ्हा गेला आणि वैरण चालूच. केरीच्या डोंगरात दोन्ही प्रकारची जनावरं सरमिसळ चरायची, गावचा वळू पुष्कळदा लांब पायांचा असणार, आणि आखूड-लांब जोडीत बुलडॉग कधीच होत नाही. म्हणजे माझा अंदाज असा, की जुन्या गरीब शेतकऱ्याला हा फटका कमी बसत असावा. वही वेगळी झाली, आखूड तेच शुद्ध असं ठरलं, आणि धोका वाढला. जी गाय छोट्या माणसासाठी म्हणून मिरवली गेली, तिची जोखीम नेमकी छोट्या माणसालाच सगळ्यात जड झाली.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जास्त दुधाच्या मोठ्या गायी सगळीकडे पसरल्या आणि डेक्स्टर इतकी कमी झाली, की १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये तिची गणना दुर्मिळ जातींत झाली. गंमत म्हणजे तिला हात दिला तो आपल्यासारख्याच लोकांनी. त्याच दशकात नोकरी सोडून दोन एकरांवर जाण्याची लाट तिथे आली होती. जॉन सेमूर यांचं स्वावलंबी शेतीवरचं जाडजूड पुस्तक १९७६ चं. अशा लोकांना छोटी गाय हवीच होती.

आणि २००७ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका बिघाड शोधून काढला. एसीएएन नावाचं जनुक, जे कूर्चेतलं अ‍ॅग्रेकन हे प्रथिन बनवतं. आता शेपटीचे चार केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले की गाय वाहक आहे की नाही ते कळतं. वाहक निघाली तरी काढून टाकायची गरज नाही. वळू तेवढा बिघाड नसलेला निवडायचा, बस्स. विल्सनचं कागदावरचं गणित शंभर वर्षांनी एक गाय असलेल्या माणसाच्या हातात आलं.

सोमवारी मित्राला काय सांगायचं ते ठरलंय. गाय कुठलीही घे बाबा, पण विकणारा जे 'खास' म्हणून दाखवतोय त्याची किंमत कोण मोजतंय ते आधी विचार. चाळीस गायीवाल्याचा सल्ला ऐकताना आपल्याकडे एकच आहे हे विसरू नकोस.

असो. डबा भरायचाय. ताक आहे आज. :-)