पावडर कोटिंगपूर्वीचे फॉस्फेटिंग : आयर्न की झिंक?

पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी फाटकाचे आयुष्य रंगाइतकेच त्याखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरावर अवलंबून असते. पावडर भट्टीत साधारणतः १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळून धातूवर घट्ट बसते. मात्र पृष्ठभागावर तेल वा गंज राहिला असेल, तर ओरखड्यातून शिरलेले पाणी रंगाखाली पसरते आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. हे टाळण्यासाठी पोलादावर आधी फॉस्फेटचा थर चढवतात. त्याचे मुख्य प्रकार दोन.

आयर्न फॉस्फेटचा थर अस्फटिकी आणि अतिशय पातळ असतो. त्याचे वजन दर चौरस मीटरला सहसा १ ग्रॅमपेक्षा कमी भरते. थरातील लोह द्रावणातून नव्हे, तर खुद्द पोलादातून येते. तेल काढणे आणि फॉस्फेटिंग ही दोन्ही कामे एकाच टाकीत साधता येतात. गाळ कमी साचतो, खर्चही कमी येतो.

झिंक फॉस्फेटचा थर स्फटिकी असून त्याचे वजन दर चौरस मीटरला साधारणतः दीड ते साडेचार ग्रॅम असते. रंगाखाली गंज पसरण्यास तो अधिक विरोध करतो. मात्र स्फटिक बारीक राहावेत म्हणून धातू आधी टायटॅनियमच्या क्षारांच्या द्रावणातून काढावा लागतो. स्फटिक जाड झाल्यास रंगाची पकड कमी होते. तेल काढणे, धुणे, गंज काढणे, धुणे, फॉस्फेटिंग, धुणे आणि पॅसिव्हेशन ही कारखान्यांतील परिचित ‘सात टाक्यांची’ प्रक्रिया होय. तिच्यातून निघणाऱ्या जस्तयुक्त सांडपाण्यावर प्रक्रिया करणे आवश्यक असते.

निवड हवामानानुसार बदलते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या इंदूरच्या अन्नपूर्णा परिसरातील घरात ठेवायच्या कपाटाला आयर्न फॉस्फेट पुरेसे ठरते. तेथेच पावसात उभ्या राहणाऱ्या फाटकाला झिंक फॉस्फेट अधिक योग्य. गोव्याच्या किनाऱ्यावरील खारट, दमट हवेत तर बाहेरच्या पोलादी कामासाठी आयर्न फॉस्फेटवर विसंबणे धोक्याचे. ॲल्युमिनियमला मात्र क्रोमेट वा झिर्कोनियमवर आधारित वेगळी प्रक्रिया लागते.

रंग चढल्यावर हा फरक वरून ओळखता येत नाही. म्हणूनच फॉस्फेटचा प्रकार आणि थराचे वजन काम देतानाच लेखी ठरवून घेणे हिताचे. गंज दिसू लागल्यावर पुन्हा रंग खरवडण्यापासूनच सुरुवात करावी लागते.