गाण्यातला 'मी' गुन्हेगार असतो का?

वर्गात उर्दू गझल शिकवताना एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, हे शायर इतकी शराब प्यायचे का?" मी त्याला रियाझ खैराबादींचं नाव सांगतो. शराबवरच्या शेरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शायराने आयुष्यात कधी शराब चाखली नाही, असं सांगतात. गझलेतला 'मैं' म्हणजे शायर नव्हे, हे मुलांना पटतं. गँगस्टा रॅपच्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

१९८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्कूली डीने आपल्या भागातल्या टोळीवर गाणं केलं. त्यावरून सुचून लॉस एंजेलिसच्या आइस-टीने १९८६ मध्ये पहाटेच्या पोलिस धाडीपासून सुरू होणारं गाणं काढलं. त्या शहराच्या दक्षिण भागातले मोठे कारखाने बंद पडले होते. रोजगार गेला आणि वस्त्यांत क्रॅक कोकेन व टोळ्या आल्या. पाठोपाठ पोलिसांच्या मोहिमा आल्या. काळ्या पोरांना सरसकट उचललं जाई.

शेजारच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या गटाने १९८८ मध्ये एक अल्बम काढला. त्यातल्या एका गाण्यात कोर्ट भरतं. रॅपर न्यायाधीश आणि साक्षीदार, तर आरोपी पोलिस! १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. त्यामुळे गटाची प्रसिद्धीच वाढली. ते आपल्या संगीताला 'रिअॅलिटी रॅप' म्हणत. १९९१ मध्ये पोलिस रॉडनी किंगला मारहाण करताना कॅमेऱ्यात सापडले आणि गाण्यातली तक्रार जगाने डोळ्यांनी पाहिली. १९९२ मध्ये ते पोलिस जवळपास सर्व आरोपांतून सुटले. शहर पेटलं, साठहून अधिक माणसं मेली.

पण आक्षेप फक्त पोलिसांचे नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत मोर्च्यात चाललेल्या सी. डेलोरेस टकर या काळ्या नेत्या या संगीताविरुद्ध उभ्या राहिल्या. या गाण्यांत आमच्याच बायका-मुलींना शिव्या दिल्या जातात, आणि पैसा मोठ्या कंपन्या कमावतात, ही त्यांची तक्रार होती. ती खोटी म्हणता येत नाही. शिवाय इथे शायर आणि 'मैं' यांच्यातलं अंतर कधी कधी फारच कमी होतं. टुपाक शकूर १९९६ मध्ये आणि नोटोरियस बी.आय.जी. १९९७ मध्ये गोळ्यांना बळी पडले.

तरीही गाणं म्हणजे कबुलीजबाब नव्हे. अमेरिकेत कितीतरी खटल्यांत सरकारी वकिलांनी आरोपीच्या रॅपच्या ओळी ज्युरीसमोर पुरावा म्हणून वाचल्या. अखेर कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून त्यावर मर्यादा घातल्या. अशा ओळींमुळे पूर्वग्रह तयार होईल का, हे आता न्यायाधीशाला आधी तपासावं लागतं.

गाण्यातल्या शिवीला शिवी म्हणावं, तिचा निषेधही करावा. पण शिक्षा द्यायची तर ती केलेल्या गुन्ह्याची असावी, गायलेल्या ओळीची नको. रियाझसाहेबांच्या शेरांवरून कोणी त्यांना दारूबंदीत पकडलं असतं, तर आपण हसलो असतो. काळ्या पोराच्या वेळी ते हसू का येत नाही, याचा विचार व्हायला हवा.