साठा एकीकडे, सर्व्हर दुसरीकडे : प्रस्तावना

या विषयाकडे वळणारा बहुतेक विद्यार्थी डिस्कची चौकशी करत येतो. किती टीबीची घेऊ, कोणत्या कंपनीची घेऊ? घोडं पेंड खातं ते मात्र परवानगीपाशी. एका सर्व्हरवर आठ-दहा व्हर्च्युअल मशीन चालवायची आणि त्यांच्या डिस्क-फायली नेटवर्कवरच्या दुसऱ्याच यंत्रात, म्हणजे साठ्यात, ठेवायच्या, एवढाच हा विषय. पण ते दुसरे यंत्र कोणाला ओळखते आणि कोणाच्या शब्दावर लिहू देते, यातच या क्षेत्राचा गाभा आहे असे माझे मत आहे.

नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रातल्या फायली वापरण्याची एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणली. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेली तिची तिसरी आवृत्ती आजही सर्रास वापरात आहे. विंडोजच्या घराण्यात हेच काम एसएमबी करते. विंडोज सर्व्हर 2012 पासून हायपर-व्ही या विंडोजच्याच प्रणालीवरची व्हर्च्युअल मशीन एसएमबी शेअरवर ठेवता येतात.

आता अडते कुठे ते पाहा. लिनक्सवर शेअर तयार केला, ईएसएक्सआय या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या होस्टला जोडला, तो यादीत दिसलाही. पण नवे मशीन बनवायला गेलो की नकार. कारण ईएसएक्सआय 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी खाते म्हणून येतो आणि लिनक्स मुळातच परक्या रूटवर विश्वास ठेवत नाही. त्याला 'नोबडी' हे बिनअधिकाराचे खाते करून टाकतो. ही अट 'नो-रूट-स्क्वॅश' लिहून सैल करावी लागते. ती फक्त होस्टच्या आयपी पत्त्यांपुरती करावी. सगळ्या नेटवर्कला मोकळीक देणे म्हणजे वाड्याची किल्ली चावडीवर टांगणे. हायपर-व्हीचे दुखणेही याच जातीचे. तिथे परवानगी तुमच्या खात्याला देऊन भागत नाही, होस्ट यंत्राच्या खात्यालाही द्यावी लागते, आणि नवशिक्याला हे कोणी सांगत नाही.

दुसरी मेख 'असिंक' या पर्यायाची. त्यात माहिती डिस्कवर पोचण्याआधीच साठा 'लिहिले' असे कळवतो. वेग वाढतो, लोक खूश होतात. त्याच क्षणी वीज गेली तर मशीनच्या आतली फाइल सिस्टिम बिघडू शकते. हिशेबाच्या डेटाबेससाठी हा वेग मला तरी परवडणारा वाटत नाही.

साठा कुठे ठेवला आहे हेही तितकेच महत्त्वाचे; कोल्हापुरात हे शिकताना पंचगंगेचा पूर विसरता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. याचा साठ्याशी संबंध असा: साठा सामायिक असला की चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता येते, कारण फाइल जागची हलत नाही. पण याच गुणाची दुसरी बाजूही आहे: फाइल एकच, आणि ती जिथे आहे ती खोली बुडाली तर होस्ट कितीही असोत, सगळे एकदमच थांबतात. सामायिक साठा म्हणजे बॅकअप नव्हे.

तेव्हा पहिले प्रकरण उघडण्याआधी दोन कामे करा. तुमच्या संस्थेचा किंवा कारखान्याचा साठा कोणत्या मजल्यावर आहे ते पाहून या, आणि त्याची दुसरी प्रत शहराबाहेर आहे का ते विचारा.