हुबळीतील प्लेगलस मोहीम (१८९८)

तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात, हुबळी शहरी, १८९८ च्या पावसाळ्यात वॉल्डेमार हाफकिन यांच्या प्लेगप्रतिबंधक लशीची झालेली सामुदायिक टोचणी. सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांच्या देखरेखीखाली सुमारे ५० हजार वस्तीच्या या गावात बहुसंख्य लोकांनी, आणि त्यांतल्या अनेकांनी दोनदा, लस टोचून घेतली. हाफकिन यांनी ही लस मुंबईत तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली होती. एवढ्या अल्पावधीत एखादे गाव जवळजवळ सबंध लशीखाली यावे, हे हुबळीचे वेगळेपण. मोहिमेच्या यशाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. लोकांच्या संमतीचे स्वरूप काय होते, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

लस कायद्याने सक्तीची नव्हती. सक्ती होती ती बाकी सगळ्याची. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला घरझडती, विलगीकरण, प्रवासबंदी, घरे मोकळी करवणे असे अमर्याद अधिकार दिले होते. ते पुण्यात कसे वापरले गेले आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारात कसा झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यानंतर धोरण मवाळ झाले आणि लस टोचल्याचा दाखला असणाऱ्याला विलगीकरणातून व प्रवासातील अटकावातून सूट मिळू लागली. हातावर पोट असलेल्या माणसाला कॅम्पात डांबले जाणे म्हणजे मजुरी बुडणे. दाखला म्हणजे त्यातून सुटका. जो जाच सरकारनेच निर्माण केला, त्यातून सुटण्याची किंमत म्हणून टोचणीसाठी दंड पुढे केला, तर त्या होकाराला निखळ संमती म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की लशीने जीव वाचवले. मग होकार कसा मिळाला याची चिकित्सा कशाला? लशीचा उपयोग खरा होता. टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनने तो मान्य केला, पण प्रसिद्ध झालेले आकडे काटेकोर मानता येत नाहीत असेही बजावले. मोहीम पुढे सरकली तसा न टोचलेल्यांचा गट दर आठवड्याला आटत गेला; शेवटी जे उरले त्यांची परिस्थिती टोचलेल्यांसारखीच होती असे गृहीत धरता येत नाही. लाभ सिद्ध झाला, त्याचे नेमके माप नव्हे. आणि लाभ कितीही मोठा असला तरी तो संमतीची जागा घेत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संसर्ग एकट्याचा नसतो, म्हणून नकारही एकट्याचा राहत नाही. हे मान्यच करायला हवे. पुढे दोन दशकांत प्लेगने देशात सुमारे एक कोटी बळी घेतले. पण म्हणूनच लोकांचा विश्वास हा साथनियंत्रणाचा भाग ठरतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि तिथली भव्य मोहीम कोसळली. हाफकिन यांच्यावर दोष आला आणि तो दूर व्हायला १९०७ उजाडले. दाखल्याच्या गरजेपोटी दिलेला होकार अशा धक्क्यानंतर टिकत नाही, कारण त्याच्या मुळाशी लशीवरचा भरवसा नसतोच.

हाच प्रश्न कोविडकाळात पुन्हा न्यायालयात गेला. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकार मात्र, ते प्रमाणशीर असतील तर, कायम ठेवला. धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी या ‘प्रमाणशीर’ शब्दाची खरी कसोटी लागते: कारखान्याच्या फाटकावर दाखला मागितला गेला, तर कंत्राटी कामगाराला नकाराची किंमत रोजगाराने मोजावी लागते, आणि १८९८ च्या हुबळीतल्या मजुरापुढचा पर्याय याहून फारसा निराळा नव्हता.